दिपमालाची गाडी

जळगावच्या नवल पाटलाचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान होतं. पण नातेवाइकांत त्याचं नाव होतं ते दुकानामुळे नव्हे, गाडीमुळे. कोणाकडे लग्न निघो, कोणाला दवाखान्यात न्यायचं असो, पहिला फोन नवललाच यायचा. त्याच्याकडे जुनी, दणकट डिझेल गाडी होती आणि ती तो अशी काही हाणायचा की धुळ्याहून निघालेला माणूस पारोळ्यात डुलकी काढून उठेपर्यंत जळगावच्या पुलावर आलेला असायचा. लग्नाच्या मांडवात पुरुषमंडळी त्याच्याभोवती कोंडाळं करून बसायची. कुठल्या रस्त्याचं काम निघालंय, कुठल्या पंपावरचं डिझेल चांगलं, हे नवलला विचारायचं. तोही बोटावर किल्ली फिरवत ऐसपैस सांगत बसायचा.

मग त्या गाडीची कागदावरची पंधरा वर्षं भरली. नवलचा जीव होत नव्हता, पण दुरुस्त्या निघायला लागल्या होत्या. शेवटी ती विकली. आणि त्याच दिवाळीत त्याच्या बायकोने, दिपमालाने, स्वतःच्या पगारावर कर्ज काढून एक छोटी पांढरी विजेवरची गाडी घेतली.

दिपमाला पहूरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. इतकी वर्षं ती एसटीने, नाहीतर काळीपिवळीत कोंबून घेऊन रोज जळगाव-पहूर ये-जा करत आली होती. नवलला वाटलं, घेऊ दे, चालवणार आपणच. पण दिपमालाने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, लायसन काढलं आणि महिनाभरात ती एकटी पहूरला जायला लागली. या गाडीला क्लच नाही, गिअर नाही. नवल पहिल्यांदा बसला तेव्हा त्याचा डावा पाय सारखा नसलेला क्लच शोधत होता. दिपमालाच्या पायाला असली कुठलीच जुनी सवय नव्हती.

रोज तोच रस्ता, तेच ऊन, तोच चढ. तिला गाडी आतून कळायला लागली. गतिरोधक दिसायच्या कितीतरी आधी ती पाय उचलायची, मग गाडी आपोआप मंद व्हायची आणि मंद होताना थोडी वीज बॅटरीत परत घालायची. घरी तिने वायरमन बोलावून मीटरपासून वेगळी जाड वायर ओढून घेतली, अर्थिंग नवं करून घेतलं, वीजभार वाढवून घेतला. संध्याकाळी कूलर, फ्रिज, पाण्याची मोटर सगळं चालू असताना ती गाडी लावायची नाही, जेवणं आटोपली की लावायची. रविवारी मात्र भर दुपारी लावायची, कारण नव्या मीटरवर दिवसाचं युनिट थोडं स्वस्त पडतं. हे सगळं ती कोणाला शिकवायला जात नव्हती. पण लोक विचारायचे.

आणि तिथेच नवलचं दुखायला लागलं.

सावद्याला एका लग्नात ते गेले. नवल उतरला, केस सारखे केले आणि मांडवाकडे निघाला, तर मागे कोणी नाही. सगळे गाडीभोवती. केळीचे मोठमोठे बागायतदार वाकून चाकांखाली बघत होते आणि विचारत होते: वहिनी, एकदा भरली की किती जाते, पाण्यात शॉक नाही ना बसत, बिल केवढं येतं, उन्हात पेट बीट घेत नाही ना. दिपमाला एकेकाला शांतपणे उत्तर देत होती. नवल तिची पाण्याची बाटली हातात धरून उभा राहिला. कोणीतरी त्याला म्हणालं, भाऊ, तुम्ही नाही का चालवत? प्रश्न साधाच होता, पण तो रात्रभर त्याच्या पोटात राहिला.

त्यानंतर नवलला एक खोड लागली. दिपमाला शाळेतून आली की काही निमित्त काढून तो पोर्चमध्ये जायचा आणि बॅटरी किती टक्के उरलीय ते बघायचा. मग एका रविवारी, ती कपडे धूत असताना, तो त्याच रस्त्याने पहूरपर्यंत जाऊन आला. तिच्यापेक्षा त्याची बॅटरी कितीतरी जास्त उतरली होती. त्याने मनाशी ठरवलं की आज वारं समोरून होतं.

एकदा सकाळी गाडी सुरूच झाली नाही. मोठी बॅटरी भरलेली होती, पण काच, दिवे, कुलूप चालवणारी छोटी बॅटरी बसली होती. दिपमालाची शाळेची वेळ झालेली, ती फोन लावत होती. नवल उड्या मारत माडीवर गेला, जुन्या गाडीच्या सामानातून केबल काढून आणली, शेजारच्याची मोटार लावून घेतली आणि गाडी चालू करून दिली. त्या दिवसाइतका खुशीत तो वर्षभरात दिसला नव्हता. दुकानात येईल त्याला, शेजारच्या कापडवाल्या अखिल बोथराला तर दोनदा, त्याने सांगितलं की ही विजेची खेळणी दिसायला बरी, पण वेळेला माणूसच लागतो. दिपमालाने संध्याकाळी त्याचे आभार मानले आणि छोटी बॅटरी बदलून घेतली. गाडी पुन्हा तशी कधी अडली नाही. नवल वाट बघत होता, हे त्याचं त्यालाही कबूल करवत नव्हतं.

अशात धुळ्याहून ताईबाईचा फोन आला. ताईबाई ही नवलची थोरली बहीण. घरात सगळे तिला अक्का म्हणायचे. आई गेल्यावर तिनेच नवलला वाढवलं होतं. अक्काच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन जळगावला करायचं ठरलं होतं, त्याआधी शनिवारी दुपारी डोळ्याची मापं घ्यायला डॉक्टरांनी बोलावलं होतं. नवल म्हणाला, अक्का, मी येतोच न्यायला. फोनवर अक्का जराशी घुटमळली.

"नवल, या टाईमले दिपमालाले धाड. तुनासंगे माले गरगरस रे. डोयानं आसं झाय तवपासून तर जास्तीच."

तुझ्या गाडीत मला गरगरतं. पंधरा वर्षं जिला त्याने धुळ्याहून इकडे आणि इकडून धुळ्याला नेलं, ती हे म्हणत होती. संक्रांतीला दिपमालाच धुळ्यापर्यंत गाडी घेऊन गेली होती आणि मधे कुठेही चार्ज न करता परतही आली होती. तेव्हा येताना अक्का शेजारी बसली होती, तेवढंच. नवल म्हणाला, बघतो. थोड्या वेळाने त्याने परत फोन करून सांगितलं, दिपमालाला शाळेतून सुट्टी मिळत नाही, मीच येतो. आणि दिपमालाला त्याने सांगितलं की अक्काने मला बोलावलंय, शनिवारी गाडी लागेल. दिपमालाने लगेच किल्ली काढून दिली. शनिवारची शाळा सकाळची, मी एसटीने जाईन म्हणाली. फक्त एवढं म्हणाली की ऊन फार आहे, बेताने चालवा, धुळ्यात पोचल्यावर थोडी चार्ज करा.

बेताने हा शब्द नवलला झोंबला. संक्रांतीला ती न थांबता जाऊन आली होती. मग आपण का थांबायचं?

शनिवारी एरंडोलपर्यंत त्याने गाडी अशी सोडली की जणू तीच जुनी डिझेल आहे. एप्रिल महिन्याचं ऊन, एसी पूर्ण चालू. पुढे दिसेल तो ट्रक ओलांडायचा, गतिरोधकाच्या तोंडाशी करकचून ब्रेक दाबायचा आणि पुन्हा पळवायची. धुळ्यात शिरताना बॅटरी निम्म्याच्या बरीच खाली आली होती. आता मात्र त्याला घाम फुटला. महामार्गावरच्या चार्जिंग स्टेशनवर गेला, तर तिथल्या मशिनवर बंद असल्याची चिठ्ठी. दुसरं गावाच्या पलीकडच्या टोकाला होतं आणि तिथे आधीच एक गाडी लावलेली, मालक जेवायला गेलेला. नवल थोडा वेळ उभा राहिला आणि निघाला.

अक्का पिशवी भरून ओट्यावर बसली होती. त्याला बघून तिने आधी गाडीच्या दुसऱ्या दाराकडे पाहिलं.

"दिपमाला नही उनी?"

नवल म्हणाला, सांगितलं ना, शाळा आहे. मग त्याने अक्काच्या घरातल्या कूलरच्या प्लगमध्ये चार्जर लावला. अक्काने त्याला कढी-खिचडी वाढली. त्याचं जेवण होतंय न होतंय तोच स्वयंपाकघरात जळका वास आला, प्लग तापून काळा पडला होता आणि घरातली वीज गेली होती. बटण वर करून वीज आणली, पण पुन्हा लावायची हिंमत झाली नाही. बॅटरीत जेमतेम चार घास पडले होते. डॉक्टरांची वेळ होती आणि रविवारी दवाखाना बंद. दिपमालाला फोन करून विचारणं एवढं एकच शहाणपणाचं काम उरलं होतं, आणि नवलकडून तेवढं एकच होईना.

पारोळ्यापर्यंत तो हळू आला. अक्का डोळ्याला पदर लावून बसली होती. आकडा खाली खाली येत होता. एरंडोल आलं तेव्हा त्याचा फोन वाजला. दिपमाला. त्याने उचलला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा नाही. मग अक्काच्या पिशवीतला फोन वाजला. अक्काने तो चाचपून उचलला आणि तिला नीट दिसत नसल्यामुळे स्पीकर चालू झाला.

"अक्का, ह्यांना सांगा," दिपमालाचा आवाज गाडीभर पसरला. "मला मोबाइलवर गाडी दिसतेय. बॅटरी पुरणार नाही. एरंडोल सुटलं की डाव्या हाताला कौतिकभाऊंचं चहाचं हॉटेल आहे. भिंतीला बाहेरून चांगला प्लग आहे, आमच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सगळे तिथंच लावतात. अर्धा-पाऊण तास थांबा. डॉक्टरांना मी फोन करून उशीर सांगते."

तिच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. नवल हूं म्हणाला. हॉटेल आलं. लिंबाची गार सावली होती, बाकडी होती, भिंतीवर प्लग दिसत होता, आणि शेजारी एक माणूस अंगावर टॉवेल टाकून उभा होता, त्याने हातही केला. बहुतेक दिपमालाने त्यालाही फोन केला होता. तो हात बघितला आणि नवलच्या डोक्यात सणक गेली. आपण कुठे थांबायचं, कुठे प्लग लावायचा, हेसुद्धा तिने आधीच ठरवून ठेवलेलं. उद्या हीच गोष्ट लग्नांमधून सांगितली जाईल, की वहिनींनी घरबसल्या गाडी वाचवली. त्याचा पाय ब्रेकवर गेलाच नाही. हॉटेल मागे पडलं.

अक्काने विचारलं, हॉटेल उनी नही का अजून? तो म्हणाला, लागणार नाही, पोचतो आपण.

त्याने एसी बंद केला, काचा खाली केल्या. गरम वारा भट्टीसारखा आत यायला लागला. पाळधीच्या अलीकडे गाडीने वेग घ्यायचं सोडलं. पाय कितीही दाबला तरी ती बैलगाडीच्या चालीने चालली, समोरच्या पडद्यावर पिवळं चिन्ह आलं, मग लाल. मागून ट्रकवाले कर्कश्श हॉर्न देत बाजूने जाऊ लागले. त्याने कशीबशी ती रस्त्याच्या खाली घेतली आणि ती थांबली. आवाज करून बंद पडली असती तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. ही गप्पच झाली.

बाभळीच्या विरळ सावलीत त्याने अक्काला बसवलं. पाणी दिलं. अक्का घामाने डबडबली होती. नवलने फोन काढला आणि दिपमालाला लावला. त्याला फक्त एवढंच बोलता आलं, "पाळधीच्या अलीकडे आहे."

ती म्हणाली, अक्काला सावलीत बसवा, निघते.

ती आली ती अखिल बोथराच्या मोटारीतून. ज्याला नवलने दुकानाच्या पायरीवर बसून विजेच्या खेळण्यांबद्दल सांगितलं होतं, तोच गाडी चालवत होता. अखिल उतरला, नमस्कार केला आणि गाडीकडे फक्त एकदा बघितलं. दिपमाला आधी अक्काकडे गेली, तिचा चेहरा ओल्या रुमालाने पुसला, ताकाची बाटली हातात दिली. ताक पिऊन अक्काच्या जिवात जीव आला. मग तिने दिपमालाचा हात धरून विचारलं,

"आज तुले साळा व्हती ना? नवल तर म्हने सुट्टी नही मियनी."

दिपमाला म्हणाली, शाळा सकाळीच सुटली अक्का, आणि सुट्टी मी कधी मागितलीच नाही. मला कोणी म्हणालंच नाही.

"मी तर तुलेच बलायेल व्हतं," अक्का म्हणाली.

अखिल आपला मोटारीच्या आरशात बघायला लागला. दिपमालाने नवलकडे बघितलं. तिने ओरडावं, चारचौघांत बोल लावावेत, असं त्याला मनापासून वाटलं, म्हणजे त्यालाही काहीतरी उलट बोलता आलं असतं. पण ती एवढंच म्हणाली, "गाडी उचलून न्यायला टेम्पो सांगितलाय. तो येईपर्यंत थांबा इथंच." आणि अक्काला घेऊन ती गेली.

टेम्पो यायला संध्याकाळ झाली. तोवर नवल रस्त्याकडेला त्या मुक्या गाडीशेजारी बसून राहिला. जाणारेयेणारे थांबून विचारायचे, काय झालं भाऊ, चार्जिंग संपलं का? पहिल्या दोघांना त्याने सांगितलं की गाडीत बिघाड आहे. तिसऱ्याला मात्र म्हणाला, हो, संपलं. आणि बसल्या बसल्या त्याला कळलं की आज गाडीची काही चूक नव्हती. तिने शेवटपर्यंत सांगितलं होतं. सांगणारे सगळेच सांगत होते.

मापं त्याच दिवशी झाली होती, डॉक्टर थांबले होते. सोमवारी ऑपरेशनही नीट पार पडलं. त्या आठवड्यात दिपमाला नवलशी कामापुरतं बोलली. जेवायला वाढायची, अक्काच्या डोळ्यात औषध कोणी कधी घालायचं ते सांगायची, बस्स. अक्का एकदा तो औषध घालत असताना त्याच्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, माझ्यावर रागवू नको. नवलला त्यापेक्षा थोबाडीत बसली असती तर परवडलं असतं.

पुढच्या रविवारी अक्काला धुळ्याला सोडायला निघाले. दिपमाला गाडी चालवत होती, अक्का काळा चष्मा लावून शेजारी, नवल मागे. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जात होती आणि नवलला तेही सहन होत नव्हतं. हा मत्सर आहे, दुसरं काही नाही, हे आता त्याला नीट कळत होतं. पण कळल्याने तो कमी होत नव्हता. एरंडोलच्या अलीकडे दिपमालाने गाडी कौतिकच्या हॉटेलसमोर घेतली. चार्जिंगची गरज नव्हती, चहाची होती. अक्काला गाडीतच झोप लागली होती. दोघं लिंबाखाली बाकड्यावर बसले.

चहा आल्यावर नवल म्हणाला, "मी इथं थांबायला हवं होतं."

"हो."

"तू सांगितलंस म्हणून थांबलो नाही."

"माहीत आहे," दिपमाला म्हणाली. तिने चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला. "अक्काला उन्हात बसवलंत, ते मी विसरणार नाही. पण बाकीचं मला कळतं. पंधरा वर्षं तुमच्या शेजारी बसले मी. डबे मांडीवर घेऊन. सगळे म्हणायचे, नवलभाऊंनी आणलं, नवलभाऊंनी पोचवलं. रस्त्यात आपला मुलगा आजारी पडला, त्याला मांडीवर घेऊन मी रात्र काढली, तरी पोचल्यावर कौतुक तुमचंच. मला काय वाटत असेल, विचारलंत कधी?"

नवलने विचारलं नव्हतं. असं काही वाटत असेल हेच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग ते वाटणं गेलं कसं?" त्याने विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला.

"गेलं कुठं?" दिपमाला म्हणाली. "गाडी घेतली."

नवलला हसू आलं आणि तिलाही, पण तिने ते चटकन गिळलं. तिचा राग अजून उतरला नव्हता आणि तो उतरल्यासारखं दाखवायची तिची इच्छा नव्हती. ती म्हणाली, अक्काला खरं काय ते तुम्हीच सांगायचं, आपल्या घरी परतल्यावर फोनवर नाही, आज, तिच्या घरी, तोंडावर. नवल हो म्हणाला. मग तिने किल्ली बाकड्यावर, दोघांच्या मधे ठेवली.

"पारोळ्यापर्यंत तुम्ही चालवा. अक्का उठली आणि गरगरलं म्हणाली, तर मी घेणार."

नवलने किल्ली उचलली. गाडी रस्त्यावर घेताना त्याने दारं हळूच लावली, अक्का उठू नये म्हणून. पुढचा गतिरोधक लांबूनच दिसला, पाय उचलायचा का नाही अशी मनात ओढाताण झाली, आणि त्याने उचलला. थोडा जास्तच लवकर. गाडी इतकी मंदावली की मागून कडब्याने भरलेला ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवत त्याच्या बाजूने पुढे निघून गेला, आणि ट्रॉलीवर बसलेल्या माणसांनी मान वळवून गाडीकडे बघितलं. दिपमाला मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होती. नवलने त्या ट्रॅक्टरला जाऊ दिलं आणि कडब्याचा उडणारा कचरा काचेवर घेत तो त्याच्या मागे मागे चालवत राहिला.